रोमा लोक कुठून गेले? आणि हरमलच्या किनाऱ्यावरच्या लंबाणी बायका त्यांच्यातल्याच का?

हरमलकर

नमस्कार मंडळी. गोव्यात हरमलला आमच्या घरामागे चार खोल्या आहेत, त्या आम्ही सीझनला पाहुण्यांना देतो. बहुतेक रशियन, मधूनमधून पुण्या-मुंबईचे. यंदा जानेवारीत स्लोव्हाकियाहून एक बाई आल्या होत्या. प्रेशोव नावाचं शहर आहे, त्याच्या जवळच्या गावातल्या. इस्पितळात नर्स, वय माझ्या आईएवढं. रंग आपल्यासारखाच, केस काळेभोर. आई पहिल्या सकाळी त्यांच्याशी सरळ कोकणीत बोलायला लागली. ह्या युरोपातल्या आहेत असं मी सांगितलं तर तिला पटेना. त्या म्हणाल्या, मी रोमा आहे, लोक आम्हाला जिप्सी म्हणतात.

एका संध्याकाळी किनाऱ्यावर एक लंबाणी, म्हणजे बंजारा, बाई पैंजण आणि मण्यांच्या माळा घेऊन आली. घेणार नाही म्हटलं तरी टोपली उतरवून माळा मोजून वाळूवर मांडायला लागली. आमच्या पाहुण्याबाई अचानक तिच्या बरोबरीने आपल्या भाषेत मोजू लागल्या. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. लंबाणी बाई हसून हसून बेजार. सहापर्यंत जुळत आलं आणि सातावर दोघींचं फिसकटलं. ही म्हणते सात, ती म्हणते एफ्ता. आठ, नऊसुद्धा वेगळेच. दहाला पुन्हा दोघी एकत्र, दस आणि देश. मग नाक, कान, पाणी, केस असं बोटं दाखवत चाललं. अर्धं मलाच कळत होतं. माळा दोनच विकल्या गेल्या, पण अंधार पडेपर्यंत ती बाई हलली नाही.

रात्री जेवताना पाहुण्याबाईंनी विचारलं, ही माझी माणसं का? मी म्हापशाला बी.कॉम. केलेला माणूस, काय सांगणार? ‘असतील’ म्हटलं.

आता त्यांच्याशी मोबाइलवर बोलणं होतं आणि दर वेळी हा विषय निघतो. रोमा लोक भारतातून गेले हे नक्की आहे का? कधी गेले, कशाला गेले? लंबाणी आणि ते एकच का? सातापासून आकडे का बदलतात? आणि आमच्या गावातले एक जुने शिक्षक म्हणाले की पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, त्यांच्यातले काही लोक गोव्यातही आणून टाकले होते. ह्यात तथ्य आहे का? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते नको, ते माझ्याकडे आहे.


सड्यावरचा

सोपं आहे. महमूद गझनवीने १०१८ मध्ये कनौज लुटलं, हजारो कैदी नेले, तेच पुढे रोमा झाले. मुळात सगळे राजपूत लढवय्ये. बंजारा समाजही राजस्थानातूनच आला, म्हणजे लंबाणी आणि रोमा सख्खे भाऊ. त्यांच्या झेंड्यावर आपलं चक्र आहे, बघा. २०१६ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली, तिथे सुषमा स्वराज यांनी त्यांना भारताची लेकरं म्हटलं. आणखी काय पुरावा पाहिजे? तुमच्या पाहुणीला सांगा, ती आपल्या घरीच आली आहे.


डिचोलीची मास्तरीण

हरमलकर, तुझा प्रश्न चांगला आहे आणि सातावर गाडी अडली हे तू लक्षात ठेवलंस ते त्याहून चांगलं. अर्धा इतिहास त्या सातात आहे. मी पोर्तुगीज शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यातली काही वर्षं लिस्बनमध्ये. तिथे हा विषय माझ्या मागे लागला, कसा ते पुढे सांगेन.

भारतातून गेले हे नक्की. १७८० च्या दशकात रूडिगर आणि ग्रेलमान या दोघा जर्मनांनी हे भाषेवरून दाखवलं आणि नंतरच्या कुठल्याही अभ्यासाने ते खोडलेलं नाही. त्याआधी युरोप त्यांना इजिप्तचे समजत होता, जिप्सी आणि स्पॅनिश गितानो ही नावं त्यातूनच आली. २०१२ मध्ये युरोपातल्या तेरा रोमा समुदायांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही उत्तर किंवा वायव्य भारत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, एकच मूळ गट, असंच निघालं.

पण ‘आपल्या’कडून म्हणजे नेमकं कुठून? आपल्याला नाव, गाव, नाक, कान, पानी, दिवेस, मानुश हे शब्द ऐकले की वाटतं, अरे, ही तर मराठीच! लिस्बनला मीही असंच एक पान भरून शब्द लिहून काढले होते. पण हे शब्द उत्तरेतल्या बहुतेक भाषांत या ना त्या रूपात आहेत. फरक दुसरीकडे दिसतो. आपण मराठीत आणि कोकणीत नपुंसकलिंग टिकवून धरलं आहे, ते पाणी, ते दूध, ते घर. रोमानीत, म्हणजे रोमांच्या भाषेत, ते गळलं आणि हे तिन्ही शब्द हिंदीसारखे पुल्लिंगी झाले. म्हणजे ही माणसं निघाली ती हा बदल झालेल्या, गंगा-यमुनेच्या बाजूच्या बोलीतून. राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये मांडलं की आधी मध्यदेश, मग बराच काळ वायव्य सरहद्द, आणि तिथून पुढे. त्रिन मधला त्र, फ्राल म्हणजे भाऊ यातला र, द्राख म्हणजे द्राक्ष, असे जुने जोड त्या सरहद्दीच्या मुक्कामात टिकून राहिले. (जाता जाता: मराठीच्या जडणघडणीवर ज्यांच्या ग्रंथाशिवाय आपलं पान हलत नाही, त्या ज्यूल ब्लॉक यांनीच १९५३ मध्ये फ्रेंचमध्ये रोमांवर छोटंसं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे त्याची आठवण कोणी काढत नाही.)

आता सड्यावरच्या बाबांसाठी. गझनवीने कनौज लुटलं हे खरं, कैदी नेले हेही खरं. ते कैदी म्हणजेच रोमांचे पूर्वज, हा मात्र तर्क आहे. मांडणारे विद्वान आहेत, पुरावा नाही. राजपूत सैनिकांचंही तसंच. फिरदौसीच्या शाहनाम्यात याहून मजेदार गोष्ट आहे. इराणच्या बहराम गूर राजाने हिंदच्या शंकल राजाकडून दहा हजार लुरी, म्हणजे वाजवणारे-गाणारे, मागवले. त्यांना बैल, गाढवं आणि गहू दिला, शेती करा आणि गरिबांना फुकट गाणं ऐकवा म्हणून. त्यांनी बैल आणि गहू खाऊन टाकले आणि वर्षाने गाल बसलेले असे परत आले. राजा चिडून म्हणाला, गाढवं उरली आहेत ना, त्यांच्यावर बिऱ्हाड लादा आणि चालू पडा. गोष्ट फर्मास, पण ती बहरामानंतर पाचेकशे वर्षांनी लिहिलेली. ‘कशाला गेले’ याचं उत्तर म्हणून ती देता येत नाही. लढाई, दुष्काळ, पोट, सैन्यामागून चालणारे कारागीर, काहीही असू शकेल.

कुठून कुठे गेले हे मात्र भाषाच सांगते, कारण जिथे मुक्काम पडला तिथले शब्द गाठीला बांधून ते पुढे निघाले. नशिबाला बख्त, हा फारसी. घोड्याला ग्रास्त, भट्टीला बोव, हे आर्मेनियातले. अरबी जवळजवळ नाही, म्हणजे अरबी मुलखात ते रेंगाळले नाहीत. आणि मग ग्रीक, भरपूर. रस्ता म्हणजे द्रोम, शहर म्हणजे फोरो, लोहाराची ऐरण, घोड्याची नाल, आणि तुझे एफ्ता, ओख्तो, एञा. तिन्ही आकडे ग्रीक. सहापर्यंतचे आणि दहा घरून आणलेले, मधले तीन कॉन्स्टँटिनोपलच्या राज्यात घेतलेले. तिथे ते दोन-तीनशे वर्षं तरी राहिले. घाईघाईने जाणारा माणूस दुसऱ्याचे आकडे उचलत नाही.

युरोपच्या पश्चिमेत ते १४१७ च्या सुमारास उगवले. ग्रीसच्या पेलोपोनीजमध्ये मेथोनी म्हणून व्हेनिसच्या ताब्यातलं बंदर होतं, त्याच्या तटाबाहेर रोमा लोहारांची वस्ती होती आणि त्या भागाला लोक ‘छोटं इजिप्त’ म्हणत. तुर्क पुढे सरकत होते. तेव्हा यांच्या टोळ्या ‘छोट्या इजिप्तचे ड्यूक’ असं सांगत, जर्मन राजा सिगिसमुंडचं पत्र घेऊन हॅम्बुर्ग, ल्युबेकला पोचल्या. धर्म सोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून सात वर्षं भटकतो आहोत, असं सांगितलं. ऑगस्ट १४२७ मध्ये पॅरिसच्या वेशीवर शंभरेक जण आले, बघायला अख्खं शहर लोटलं. बायकांनी हात बघितले, आणि बिशपने हात दाखवणाऱ्यांनाही बहिष्कृत केलं! प्रायश्चित्ताच्या यात्रेकरूला दान देणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. मला या भागाचं कौतुक वाटतं. लोक याला फसवेगिरी म्हणतात. मी म्हणते, परक्या मुलखात कागद काय किमतीचा असतो हे यांना आपल्या आधी कळलं.

कौतुक साधारण ऐंशी वर्षं टिकलं. १४९८ मध्ये जर्मन साम्राज्याच्या सभेने त्यांना हद्दपार ठरवलं, १४९९ मध्ये स्पेनच्या राजा-राणीने साठ दिवसांत धंदा आणि धनी शोधा नाहीतर चालते व्हा असं फर्मान काढलं, १५३० मध्ये इंग्लंडने कायदा केला. पुढची यादी लांब आहे आणि कंटाळवाणीही, कारण सगळ्यांची भाषा एकच.

त्यापेक्षा हे वाच. आजच्या रोमानियात, म्हणजे तेव्हाच्या वलाखिया आणि मोल्डाव्हियात, ते गुलाम होते. उपमेने नव्हे, कागदोपत्री गुलाम. १३८५ च्या दस्तऐवजात तिस्माना मठाच्या नावे चाळीस कुटुंबं आहेत. राजाचे गुलाम, मठाचे गुलाम, जमीनदारांचे गुलाम असे तीन प्रकार. विकता येत, लग्नात देता येत, कुटुंब फोडता येई. हे मोल्डाव्हियात डिसेंबर १८५५ ला आणि वलाखियात फेब्रुवारी १८५६ ला संपलं. साडेचारशे वर्षांहून जास्त! आणि नुकसानभरपाई मिळाली ती धन्यांना.

दुसरी गोष्ट स्पेनची, कारण ‘भटके म्हणून त्रास झाला’ हे आपण फार सहज बोलतो. ३० जुलै १७४९ च्या रात्री मंत्री एन्सेनादा याने देशभर एकाच वेळी छापे घालून नऊ हजारांच्या आसपास गितानो पकडले. पुरुषांना कार्ताहेना, कादिसच्या जहाजगोद्यांत सक्तमजुरीला पाठवलं, बायका-मुलांना वेगळं कोंडलं. हेतू उघड लिहिलेला, पुढची पिढी होऊ नये. आणि हाताला लागले ते कोण? जे सरकारचं ऐकून घर करून, पत्ता नोंदवून राहिले होते ते. रानावनातले निसटले. शेवटच्या कैद्यांना माफी मिळेपर्यंत १७६० चं दशक अर्धं उलटलं.

तुझ्या पाहुण्याबाईंच्या बाजूला, हंगेरीच्या राज्यात, राणी मारिया तेरेसाने वेगळा घाट घातला. घोडे आणि गाड्या बंद, भाषा बंद, आपसात लग्न बंद, मुलं काढून शेतकऱ्यांच्या घरी. ‘रोमा’ राहूच नयेत, ‘नवे शेतकरी’ व्हावेत. स्लोव्हाकियातले बहुसंख्य रोमा अडीचशे-तीनशे वर्षं एकाच गावाच्या कडेला बसलेले आहेत ते यामुळेही. तिला विचार, आजी-पणजीकडे गाडी होती का. मला वाटतं नाही म्हणेल.

पोर्तुगालचं रात्री लिहिते, दळण आणायला जायचं आहे.


सांगेकर

मास्तरीणबाईंनी लंबाण्यांचं बाजूला ठेवलं, ते मी घेतो. आमच्या भागात खाणीवर आणि रस्त्यावर काम करायला विजापूर, गदग, हावेरीकडचे लंबाणी कैक वर्षं येत आहेत. माझ्या वडिलांच्या दुकानात त्यांचं खातं होतं आणि मी त्यांची बोली मोडकीतोडकी बोलतो.

लंबाणी, लमाण, बंजारा एकच. स्वतःला ते गोर म्हणतात. बोली राजस्थानीच्या कुळातली. ती रोमानीला लागते तितकीच, जितकी गुजराती किंवा हिंदी. एकाच आज्याच्या फांद्या, पण रोमा गेल्यानंतर कितीतरी शतकांनी बंजारे बैलांचे तांडे घेऊन दक्षिणेत उतरले. मुघलांच्या फौजांना धान्य पुरवणारे हेच, आणि आपल्या आगरांतलं मीठ घाटावर चढवणारेही हेच. त्यांचा धंदा वाहतुकीचा, मोठ्या भांडवलाचा. आगगाडी आली आणि तो बसला. रोमांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात लोहार, कथिलाची कल्हई करणारे, घोड्यांचे व्यापारी, वाजंत्री.

तेव्हा सड्यावरच्या मित्रा, सख्खे भाऊ नाहीत. परकराचे आरसे आणि चांदी बघून फिरंग्यांना वाटतं, तेच आपण परत करतो आहोत. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात मी कानाने ऐकलंय, गाइड सांगतो, ‘ओरिजिनल जिप्सी’. त्या बाईला विचारा ती कुठली, ती सांगेल गदग.

एक गोष्ट मात्र दोघांची जुळते. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार, पाटलाकडे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. बंजाऱ्यांनाही पुढे काही भागांत त्यात ओढलं. १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून ते ‘विमुक्त’. आणि फ्रान्सने १९१२ मध्ये भटक्यांसाठी मोजमापं, फोटो आणि बोटांचे ठसे असलेली वही सक्तीची केली, प्रत्येक गावात शिक्का मारून घ्यायचा. हे १९६९ पर्यंत चाललं. दोन सरकारं, समुद्राच्या दोन बाजूंना, आणि डोकं एकच.


सड्यावरचा

ठीक आहे, सख्खे नाहीत. चुलत म्हणा. पण आपलं म्हणायला काय हरकत आहे? झेंड्यावर चक्र त्यांनीच लावलं ना?


हरमलकर

सगळ्यांचे आभार. मी काल सगळं त्यांना वाचून दाखवलं, म्हणजे जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. मास्तरीणबाई, तुमचं बरोबर. त्या म्हणाल्या, आमच्या घराण्यात गाडी-घोडा कोणाकडेच नव्हता, आजा वीटभट्टीवर आणि लग्नात व्हायोलिन. आजीचं घर मोठ्या रस्त्याला लागून होतं, ते युद्धाच्या वेळी सरकारने पाडायला लावलं आणि रानाकडे हटवलं. त्या स्वतः शाळेत गेल्या तेव्हा मतिमंद मुलांच्या शाळेत घालायला निघाले होते, कारण पहिल्या दिवशी स्लोव्हाक नीट बोलता येईना. एका बाईंनी अडवलं म्हणून नर्स झाल्या.

मला हिटलरने ज्यूंना मारलं एवढंच शाळेत शिकवलं होतं. ह्यांचंही झालं का? आणि पोर्तुगालचं राहिलंच.


डिचोलीची मास्तरीण

झालं. आणि पाठ्यपुस्तकात नाही हेही खरं. डिसेंबर १९३८ मध्ये हिटलरचा पोलीसप्रमुख हिमलर याने हुकूम काढला, ‘वंशाच्या आधारे’ यांचा प्रश्न सोडवायचा. १६ डिसेंबर १९४२ ला आउशवित्सच्या छावणीत पाठवण्याचा हुकूम. तिथल्या बिर्केनाऊ भागात त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता, तेवीस हजारांच्या आसपास माणसं तिथे नेली, पोरंबाळं धरून. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या चार हजारांहून अधिक जणांना गॅसमध्ये मारलं, म्हणून युरोपात २ ऑगस्ट पाळतात. एकूण आकड्याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात, कारण बरेच जण छावणीत न नेता गावाबाहेर गोळ्या घालून मारले. चेक भागातल्या साडेसहा हजारांतून सहाशेसुद्धा परत आले नाहीत. आज तिथे दिसतात ते बरेचसे युद्धानंतर स्लोव्हाकियातून गेलेले.

तुझ्या पाहुण्याबाईंचं घर पाडलं ते १९४१ च्या फर्मानाने. रस्त्यालगतच्या रोमा वस्त्या हटवा, दूर न्या. त्यांना सांग की हे कागदावर आहे, आजीची नुसती आठवण नाही. आणि शाळेचं प्रकरण चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावाच्या अठरा मुलांनी स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात नेलं, २००७ मध्ये जिंकलंही. रोमा मुलांना सरसकट मतिमंदांच्या शाळेत घालणं हा भेदभाव आहे असा निकाल आहे. पश्चिम जर्मनीने हा वंशसंहार होता हे मान्य केलं १९८२ ला. त्याआधी १९५६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की १९४३ च्या आधीची कारवाई वंशामुळे नव्हती, या लोकांच्या गुन्हेगारीमुळे होती. भरपाई नको द्यायला, दुसरं काय.

आता पोर्तुगाल. तिथे सिगानु म्हणतात. १५२६ मध्ये राजा तिसऱ्या दोम जुआंवने त्यांना राज्यात यायला बंदी केली, १५३८ ला पुन्हा. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते याचा अर्थ ती चालत नाही. मग पाखल्यांना उपाय सुचला तो त्यांच्याकडे आयताच होता, जहाजं. चोर, खुनी, नको असलेले सगळे जसे देग्रेदादु, म्हणजे हद्दपारीचे कैदी, म्हणून वसाहतींत लोटत, तसे हेही. १५७४ मध्ये जुआंव द तोर्रेस नावाच्या एकाला गलबतावर वल्हवायची शिक्षा झाली, त्याने मी अशक्त आहे अशी विनवणी केली, तेव्हा बायको-मुलांसह ब्राझीलला. पुढच्या शतकात आंगोला, केप व्हर्द. १७१८ मध्ये टोळ्याच्या टोळ्या ब्राझीलमधल्या बाहियाला, आणि वर हुकूम की पोरांना आपली भाषा शिकवायची नाही. हद्दपारीच्या या ठिकाणांत भारताचंही नाव येतं. तेव्हा तुमच्या जुन्या शिक्षकांचं म्हणणं हवेतलं नाही. भारतातून गेलेल्यांच्या वंशजांना कित्येक शतकांनी शिक्षा म्हणून भारतात पाठवायचं, हा विनोद त्या कारकुनांना कळला नसणार, तेव्हा कोणालाच हे मूळ ठाऊक नव्हतं. इथे आलेल्यांची वेगळी वस्ती राहिली नाही. शिपायांत आणि बंदरातल्या माणसांत विरघळले असावेत.

आणि माझं. लिस्बनमध्ये मी पहिल्यांदा खोली शोधायला निघाले तेव्हा तीन घरमालकिणींनी दार अर्धवट उघडून ‘भरली’ म्हटलं. चौथीने विचारलं, तू सिगाना? मी म्हटलं, गोव्याची. चेहरा असा काही उजळला की काय सांगू! आत बोलावलं, कॉफी दिली, तिचा काका पणजीला नोकरीला होता म्हणे. तोपर्यंत मी दुकानांच्या दाराशी चिनीमातीचे हिरवे बेडूक बघत होते आणि मला ती शोभेची वस्तू वाटत होती. सिगानु लोक बेडकाला अशुभ मानतात, म्हणून ते आत येऊ नयेत यासाठी बेडूक ठेवायचा! पाटी लावली तर कायद्यात सापडाल, बेडकाला कोण काय करणार? भाजीवाल्याकडे, औषधाच्या दुकानात, सगळीकडे. त्या घरमालकिणीने मला खोली दिली, मी राहिले, आणि आनंद झाला तो मी ‘त्यांच्यातली’ नाही याचा. त्यानंतर रविवारच्या बाजारात सिगाना बायकांकडून कपडे घेताना मी मुद्दाम गप्पा मारायला लागले. त्यांना भारताचं विशेष काही नव्हतं. एक म्हणाली, असू दे गं, पण माझा मुलगा इथे शाळेत मागच्या बाकावर बसतो त्याचं काय?

म्हणून, सड्यावरचे बाबा, आपलं म्हणायला माझी हरकत आहे. १९७१ च्या ८ एप्रिलला लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथे निळ्या-हिरव्या झेंड्यावर सोळा आऱ्यांचं लाल चाक पक्कं झालं. आपले वीर राजेंद्र ऋषी, मुत्सद्दी माणूस, तिथे होते आणि त्यांनी नंतर चंदिगडला या विषयाला आयुष्य वाहिलं. ते नातं त्यांनी जोडलं, त्यांच्या अटींवर. पण आपण ‘आमची लेकरं’ म्हणतो तेव्हा मधली हजार वर्षं गिळून टाकतो. व्हायोलिन हंगेरीचं, देव कुणाचा कॅथलिक, कुणाचा ऑर्थोडॉक्स, कुणाचा अल्ला. आणि आपल्याकडे लेकरांना काय वागवतात ते सांगेकरांनी सांगितलंच, पाटलाकडे हजेरी.


सड्यावरचा

हजेरीचं मला माहीत नव्हतं. बाकी मतभेद आहेत, पण बेडकाचं वाचून वाईट वाटलं.


सांगेकर

मास्तरीणबाई, गोव्यात आलेल्या सिगानुंचं नाव कुठे कागदात मिळेल का? माझा पुतण्या एम.ए. करतो इतिहासात, विषय शोधतो आहे.


डिचोलीची मास्तरीण

पणजीला पुराभिलेखात मोन्सोंइश दो रेइनो नावाची मालिका आहे, राजाची आणि व्हाइसरॉयची पत्रं, पावसाळी वाऱ्यावर जहाजं येत त्यांतून आलेली. देग्रेदादु किती आणि कोणत्या जहाजावर, असले उल्लेख तिथे सापडतात. ‘सिगानु’ हा शब्द शोधायचा तर वर्षंच्या वर्षं चाळावी लागतील, जुनं हस्ताक्षर, वाळवीची भोकं, आणि अनुक्रमणिकेवर विसंबता येत नाही. पोर्तुगीज येतं का त्याला? येत नसेल तर आधी ते. सतराव्या शतकापेक्षा १७०० ते १७५० पासून सुरुवात करायला सांग, अक्षर त्यातल्या त्यात बरं.


हरमलकर

पाहुण्याबाई डिसेंबरात परत येणार आहेत. पणजीला न्यायची का, की त्यांना काय त्या वाळवीच्या कागदांत?


डिचोलीची मास्तरीण

तिला विचार ना, तू कशाला ठरवतोस? यायचं म्हणाली तर मी येते बरोबर. शनिवार-रविवार नको. आणि त्या लंबाणी बाईला तिचं नाव विचारलंस का? डिसेंबरपर्यंत विचारून ठेव.